भाड्याच्या खोलीतून दिसलेला देश

मध्य न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी बरीच वर्षं काउंटरवर काम केलं. इथे ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं, फक्त गावात राहत असल्याचा पुरावा लागतो. भाडेकरार चालतो, विजेचं बिल चालतं. त्यामुळे नव्याने आलेला माणूस कुठे आणि कोणाकडे उतरलाय, हे मला त्याच्या नावाबरोबरच कळायचं. एकाच पत्त्यावर राहणारी पाच-सहा मुलं, कोणाच्या तरी बेसमेंटमधलं जोडपं, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. त्याच काळात आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमून भारतीय वंशाच्या लेखकांच्या, परदेशातल्या आपल्या माणसांवरच्या कथा-कादंबऱ्या वाचायला लागलो. वाचायचं इंग्रजीत आणि बोलायचं मराठीत. या दोन्हींतून जे कळलं, ते इथे मांडते आहे.

१. आधी पात्राचा पत्ता विचारावा.

पाश्चात्त्य समाजाविषयीची मोठी विधानं पुस्तकाच्या मलपृष्ठावर असतात. आत गेलं की एक खोली भेटते, आणि लेखकाला त्या समाजाबद्दल खरोखर काय म्हणायचंय ते त्या खोलीत असतं.

व्ही. एस. नायपॉल यांच्या 'इन अ फ्री स्टेट'ला १९७१ साली बुकर मिळालं. त्यातली 'वन आउट ऑफ मेनी' ही गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते. संतोष एका सरकारी अधिकाऱ्याकडे स्वयंपाकी आहे. बायकोमुलं लांब डोंगरातल्या गावी, आणि हा रात्री इमारतीबाहेर फुटपाथवर आपल्यासारख्याच चार गड्यांच्या सोबतीने झोपतो. साहेबांची बदली वॉशिंग्टनला होते, आणि संतोष विनवण्या करून त्यांच्याबरोबर जातो. तिथे त्याच्या वाट्याला येतं फ्लॅटमधलं एक कपाट. त्यात तो झोपतो. छप्पर आहे, दार आहे, ऊब आहे. गप्पा मारायला शेजारी पथारी टाकलेलं कोणी नाही.

पुढे एकदा आरशात बघताना आपण देखणे आहोत, हे त्याच्या लक्षात येतं. तोवर स्वतःच्या चेहऱ्याचा वेगळा विचार करायची वेळच आलेली नसते, कारण तो साहेबांच्या सावलीत जगत असतो. अमेरिका त्याला हे देते: स्वतःचा चेहरा, स्वतःचं शरीर, स्वतःचा पगार मागण्याची हिंमत. आणि मग त्या सगळ्याचं करायचं काय, हे सांगायला कोणी नसतं. तो साहेबांना सोडतो, एका हॉटेलात कामाला लागतो, शेवटी एका कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न करून कागदोपत्री कायदेशीर होतो. त्याच्या मनातला कृष्णवर्णीयांबद्दलचा तिरस्कार नायपॉल झाकत नाहीत. परदेशाकडे बघणारी आपली नजर निर्मळ असते असं मानू नये. आपली उतरंड आपण सामानाबरोबर घेऊन जातो.

आमच्याकडे या गोष्टीवर फार वाद झाला. फुटपाथवर तो जास्त सुखी होता, असं काही जणांचं म्हणणं होतं. सत्तरच्या दशकात इथे आलेले एक काका मात्र शांतपणे म्हणाले, "फुटपाथवर झोपला नाहीत तुम्ही कधी." मला त्यांचं पटतं. नायपॉल फुटपाथचं गुणगान करत नाहीत. स्वातंत्र्याची किंमत एकाकीपणात मोजावी लागते आणि ती सर्वांत महाग गरिबाला पडते, हे ते दाखवतात.

२. एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर निकाल देण्याची घाई करू नये.

झुंपा लाहिरींच्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज'ला २००० साली पुलित्झर मिळालं. त्यातली शेवटची कथा, 'द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट', त्यांनी वडिलांच्या अनुभवावरून रचली. वडील ऱ्होड आयलंडच्या विद्यापीठात ग्रंथालयात काम करत. मी त्याच व्यवसायातली, त्यामुळे या कथेवर माझा जरा जास्तच जीव आहे.

कथेचा निवेदक आधी कलकत्त्याहून लंडनला आणि तिथून १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमारास, बॉस्टनला येतो. एमआयटीच्या ग्रंथालयात नोकरी, सकाळ-संध्याकाळ दूध आणि कॉर्नफ्लेक्स, आणि मिसेस क्रॉफ्ट या बाईंच्या घरी आठवड्याला ८ डॉलर भाड्याची खोली. बाईंचं वय १०३. एकट्या राहतात. मुलगी रविवारी येते, आठवड्याचं सूप करून ठेवते, जाते. रोज संध्याकाळी बाई भाडेकरूला शेजारी बाकावर बसवून घेतात आणि चंद्रावर झेंडा लागला हे पुन्हा पुन्हा सांगतात. त्याने ते थोर आहे असं मोठ्याने म्हणायचं असतं.

आपल्याकडचा वाचक इथे लगेच निकाल देतो: बघा, हे लोक म्हाताऱ्यांना टाकून देतात. लाहिरी तसं करत नाहीत. त्या निवेदकाला स्वतःच्या आईची आठवण देतात. माणसांनी भरलेल्या घरात राहूनही नवऱ्यामागे तिचं मन ताळ्यावर राहिलं नाही. आणि ही बाई विधवा झाल्यावर पियानो शिकवून पोरांना वाढवते, शंभरी ओलांडल्यावरही आपल्या दाराला कुलूप लागलंय ना हे विचारते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आहेत, तराजू मात्र वाचकाच्या हातात दिलेला नाही.

ग्रंथालयाचं दार उघडायच्या आधीच येऊन थांबणारी एकटी म्हातारी माणसं मी रोज पाहिली. त्यांना वर्तमानपत्र हवं असायचं आणि कोणीतरी नावाने हाक मारायला हवी असायची. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या किल्लीने राहण्याचा अभिमानही त्यांच्या चालण्याबोलण्यात दिसायचा. या दोन गोष्टी एकाच माणसात असतात.

३. "आवाज दिला तर कोणी येईल का?" हा प्रश्न जपून ठेवावा.

त्याच संग्रहातली 'मिसेस सेन्स' ही कथा आमच्या गटात बायकांना जितकी भिडली तितकी दुसरी कुठलीच नाही. मिसेस सेन प्राध्यापकाची बायको. एलियट नावाच्या ११ वर्षांच्या गोऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर सांभाळते. जमिनीवर बसून बोटीवर भाजी चिरते. बोटी म्हणजे आपली विळीच. कलकत्त्यात लग्नघरी शेजारपाजारच्या बायका आपापल्या बोट्या घेऊन यायच्या आणि गप्पा मारत रात्रभर भाजी चिरायच्या, हे ती त्याला सांगते. मग विचारते, मी इथे जिवाच्या आकांताने ओरडले तर कोणी येईल का? मुलगा विचार करून खरं ते सांगतो: फोन करतील कदाचित, पण आवाजाची तक्रार करायला.

पाश्चात्त्य समाजातल्या खासगीपणाबद्दल ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्या मुलाच्या उत्तरात ते सगळे मावतात. आणि त्या मुलालाही कोणी आवाज द्यायला नाही, त्याची आई कामावरून थकून येते आणि पिझ्झा मागवते, हेही कथेत आहे. मिसेस सेनला स्वतःच्या एकटेपणामुळे त्याचं एकटेपण दिसतं. गरज असलेल्याच माणसाला शेजाऱ्याचं बंद दार दिसतं. ज्याला कोणाची गरज नाही तो सरळ पुढे निघून जातो.

आमच्या गटात मुलाकडे आलेल्या एक आजी होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांची सून ही कथा मराठीत सांगत होती. मिसेस सेनला गाडी शिकावी लागते हे आलं, तेव्हा सुनेला थांबवून आजी म्हणाल्या, "अगं, तिला गाडी कसली शिकवता, तिला आधी दोन शेजारणी आणून द्या." समीक्षकांनी या कथेवर लिहिलेलं बरंच काही मी वाचलंय. आजींच्या इतकं नेमकं त्यात फारसं काही नव्हतं.

४. घर विकत घेतलं म्हणजे भाडेकरूपण संपतं, असं नाही.

कमला मार्कंडेय यांची 'द नोव्हेअर मॅन' ही कादंबरी १९७२ची. श्रीनिवास हा म्हातारा दक्षिण भारतीय ब्राह्मण अनेक दशकं लंडनमध्ये राहिलेला. तिथेच घर घेतलं, एक मुलगा युद्धात गमावला, बायकोही तिथेच गेली. १९६८ साल उजाडतं आणि शेजारच्या तरुणाला तो अचानक परका वाटू लागतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केलं, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने वर्ण बघून घर नाकारणं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा बेकायदा ठरवलं. द्वेष आणि संरक्षण एकाच वर्षात आले. श्रीनिवासला आधार देणारी मिसेस पिकरिंगही इंग्रजच आहे, हे मार्कंडेय विसरू देत नाहीत. या कादंबरीकडे तिच्या काळात फार दुर्लक्ष झालं. मला ती या सगळ्यांत सर्वांत धाडसी वाटते.

५. पात्र कुठल्या कायद्याच्या दारातून आत आलं, ते तपासावं.

लाहिरींच्या कथांत इतके प्राध्यापक आणि इंजिनिअर का, असं एका तरुण मुलीने आमच्याकडे विचारलं होतं. उत्तर कायद्यात आहे. १९४६च्या कायद्याने अमेरिकेत वर्षाला फक्त १०० भारतीयांना कोटा दिला होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, आणि शिकलेल्या, कौशल्य असलेल्या माणसांना व त्यांच्या कुटुंबीयांना दार उघडलं. आपल्या ओळखीच्या बहुतेक जुन्या मराठी कुटुंबांचा अमेरिकेतला इतिहास तिथून सुरू होतो. चाळणीतून गाळून आलेला हा वर्ग जेव्हा अमेरिकेचं वर्णन करतो, तेव्हा त्यात एकटेपणा असतो, भूक क्वचितच.

भुकेसाठी किरण देसाईंची 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' वाचावी. २००६चं बुकर तिला मिळालं. कालिम्पाँगमधल्या एका स्वयंपाक्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रांशिवाय एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात ढकलला जातो. वरच्या मजल्यावर जगातलं उत्तम जेवण, खाली तळघरात ते रांधणारे गरीब देशांमधले लोक. गांधींच्या नावाने चालणाऱ्या एका कॅफेत भारतीय मालकच त्याला रात्री टेबलांवर झोपवतो आणि राहण्याची सोय केली म्हणून पगार कमी देतो. घरी बाप गावभर सांगत असतो, माझा मुलगा अमेरिकेत आहे. हे वाचताना आमच्यातल्या काही जणांनी माना खाली घातल्या होत्या, कारण आपण जेवायला जातो त्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात कोण राबतं, हे आम्ही कधी विचारलेलं नव्हतं.

संजीव सहोता यांची 'द इयर ऑफ द रनअवेज' (२०१५) तर शेफिल्डमधल्या एका घरात कोंबलेल्या बांधकाम मजुरांची. एक विद्यार्थी व्हिसावर, एक लग्नाच्या व्हिसावर, एक लपूनछपून आलेला. इंग्लंडला येण्याच्या पैशांसाठी मूत्रपिंड विकलेला तरुण त्यात आहे. त्याला पाश्चात्त्य संस्कृतीबद्दल मत विचारलं तर काय सांगेल? त्याने ती संस्कृती पाहिलेलीच नाही. त्याने पाहिलीय सकाळी अंधारात येणारी व्हॅन.

६. ज्याला मायदेशाने खोली नाकारली, त्याला परदेश वेगळा दिसतो.

सहोतांच्या कादंबरीतला तोची हा बिहारमधला दलित तरुण. इंग्लंडमध्येही आपल्याच लोकांत त्याची जात त्याच्या आधी पोहोचते. ही कादंबरी वाचल्यावर मी डॉ. आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचलं. ती कादंबरी नाही, आठवणी आहेत. पण 'परदेश आणि राहायची जागा' या विषयावरचं त्यापेक्षा प्रखर लिखाण मला माहीत नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असं ते सांगतात. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना कोणी खोली दिली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढलं.

पश्चिमेतल्या एकाकीपणाबद्दल आपण हळहळतो, तेव्हा हे पान समोर ठेवावं. कोणालाही आपली विचारपूस करायची नाही, हे एकाला दुःख वाटतं आणि दुसऱ्याला सुटका. स्थलांतराच्या कथा-कादंबऱ्या प्रामुख्याने सवर्णांनी लिहिल्या, म्हणून त्यांत हळहळ जास्त आणि सुटका कमी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तीही सुटका पूर्ण नाही. २०२३च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. जातीला इथवर आपणच आणलं.

७. दुःखाच्या पायऱ्या आखून देणाऱ्या समाजाशी आपलं पटत नाही. ते का पटत नाही, हे शैला भावे सांगते.

भारती मुखर्जींची 'द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ' ही कथा मी सगळ्यांना वाचायला लावते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळलं. ३२९ माणसं गेली. त्यांतली बहुसंख्य कॅनडाची नागरिक होती, तरी कित्येक वर्षं कॅनडाने ही दुर्घटना परक्यांची असल्यासारखीच मानली. सरकारची औपचारिक माफी आली ती २०१० साली.

मुखर्जींनी पती क्लार्क ब्लेझ यांच्याबरोबर या घटनेवर एक पुस्तक लिहिलं. पण त्या घटनेचं मर्म या कथेत उतरलंय. शैला भावेचा नवरा आणि दोन मुलं त्या विमानात होती. ती रडत नाही, शांत दिसते, म्हणून टोरांटोतली सरकारी समाजसेविका जुडिथ टेम्पलटन तिला मदतीला घेते: तुम्ही किती सावरलेल्या आहात, इतरांनाही सावरायला शिकवा. जुडिथकडे शोक आवरण्याचं पाठ्यपुस्तक आहे, त्यात पायऱ्या आहेत, कोण कुठल्या पायरीवर आहे याच्या नोंदी आहेत. आपली शांतता हे सावरल्याचं लक्षण नाही, हे शैलाला आतून ठाऊक असतं.

मग त्या दोघी एका वृद्ध शीख जोडप्याकडे जातात. मुलगे गेले, बिलं भरली गेली नाहीत, घरात अंधार आहे. सही केली तर सरकारी मदत मिळेल. म्हातारा-म्हातारी सही करत नाहीत. सही करणं म्हणजे मुलगे परत येणार नाहीत हे मान्य करणं. जुडिथला तो हट्ट वाटतो. शैलाला वाटतं, आशा ठेवणं हे आईबापांचं कर्तव्यच आहे. परतीच्या वाटेत ती गाडी थांबवायला सांगते आणि उतरते.

जुडिथ वाईट नाही, या गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. ती मेहनती आहे, कनवाळू आहे, घरोघर फिरते. मुखर्जी बोट ठेवतात ते एका चांगल्या माणसाला चांगुलपणा फॉर्ममधून करायला लावणाऱ्या व्यवस्थेवर. काउंटरवर मीही फॉर्म भरून घेतले आहेत. फॉर्ममुळे कोणाचीही ओळख न लागता हक्काची मदत मिळते. शिफारस लागत नाही, कोणाच्या पाया पडावं लागत नाही. आपल्या देशातून आलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट असते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि त्याच फॉर्मवर 'पतीचं नाव' या रकान्याशी अडलेल्या बाईचा थबकलेला हातही बघितलाय. या कथेमुळे तिथे थांबायचं कसं हे मला कळलं. रकाना रिकामा राहू द्यायचा आणि पुढचं विचारायचं.

८. आरसा दोन्हीकडे धरणारा लेखक शोधावा.

अनिता देसाईंची 'फास्टिंग, फीस्टिंग' (१९९९) अर्धी भारतात, अर्धी मॅसॅच्युसेट्समध्ये घडते. अरुण उन्हाळ्याच्या सुटीत पॅटन कुटुंबात राहतो. फ्रीज ओसंडून वाहतोय, अंगणात मांस भाजलं जातंय, आणि त्या घरची मुलगी मेलनी खाऊन खाऊन उलट्या करतेय. घरात कोणाच्या ते ध्यानात येत नाही. देसाई इथेच थांबल्या असत्या तर ती नेहमीची टीका झाली असती. पण मेलनीचा चिडलेला चेहरा बघताना अरुणला तिथे स्वतःची बहीण उमा दिसते, जिला भारतातल्या घरात आईबापांनी शिकू दिलं नाही, बाहेर पडू दिलं नाही, आणि जिच्याकडे कोणी पाहिलं नाही. दोन समाज, दोन मुली, एकच न ऐकलेली हाक.

९. आपल्या लोकांनी आपल्या भाषेत लिहावं.

मराठीत युरोप-अमेरिकेची प्रवासवर्णनं भरपूर आहेत, पु. लं.च्या 'अपूर्वाई'वर आमची पिढी वाढली. पण पाहुणा म्हणून पाहिलेला देश वेगळा आणि भाडं भरून पाहिलेला वेगळा. रोहिंटन मिस्त्री १९७५ साली मुंबईहून कॅनडाला गेले. त्यांच्या 'टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग'मधल्या शेवटच्या कथेत टोरांटोतल्या मुलाने लिहिलेलं पुस्तक मुंबईतले आईवडील वाचतात. तो तिथलं काहीच का लिहीत नाही, सगळं इथलंच का, अशी चर्चा दोघं करतात. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख येतात तेव्हा मलाही हेच विचारावंसं वाटतं. आंब्याचं झाड, गणपती, आजीचा वाडा हे सगळं येतं. पहिलं भाडं किती होतं, घरमालक कोण, मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी कोणी केली, नातवंडं सांभाळायला आलेल्या आईला दुपारी घरात काय ऐकू यायचं, हे येत नाही.

म्हणून आता मी लेख मागताना थेट हेच प्रश्न विचारते. विषय देत नाही. मागच्या अंकासाठी एका वहिनींनी त्यांच्या पहिल्या घरमालकिणीवर चार पानं लिहून दिली. तिचा कुत्रा, तिचे धुण्याचे ठरलेले वार, फोडणीच्या वासावरून झालेलं भांडण, आणि वहिनींच्या बाळंतपणात त्या बाईने रात्री दोन वाजता गाडी काढून केलेली धावपळ. लेख जसा आला तसा आम्ही छापला. पुढच्या अंकासाठी त्या दुसरा भाग लिहीत आहेत.